वरची वाजते, खालची भरते

सात म्हणता म्हणता ती अडखळली. ‘फलाट क्रमांक सा’ इतकं आलं, कुठेतरी खोल आत टक् असं वाजलं, आणि पुढचा ‘त’ यायला एवढा वेळ लागला की त्याच्या हातातला कप कलंडून चहा बशीत सांडला. इतक्या वर्षांत ही बाई सातवर कधी अडखळली नव्हती. एकोणऐंशी आणि एकोणनव्वद म्हणताना भल्याभल्यांची बोबडी वळते, तिची कधी वळली नाही. अडखळत होती ती पलीकडच्या खोलीतली, हाडामासाची. यंत्रातली शाबूत होती. सकाळचा चहा घेऊन टेबलाशी बसायचं, यंत्र चालू करायचं आणि शाबूत असलेलीला थोडं ऐकायचं, यावर त्याचा दिवस उभा होता. त्याने तोच तुकडा पुन्हा लावला. या वेळी सात नीट आला, पण ‘प्रवाशांनी कृपया’मधला ‘कृपया’ दोनदा आला आणि मागोमाग टक् टक्. त्याने कान टेबलाखालच्या कॉम्प्युटरच्या खोक्याला लावला. पत्रा कोमट होता. आत पंखा फिरत होता, आणि पंख्याच्या आवाजाखाली, बंद दारावर कुणी नखाने वाजवावं तसं काहीतरी वाजत होतं. यंत्र मरायला लागलं की कसं बोलतं हे त्याला कुणी सांगायला नको होतं. जन्म त्याच्यातच गेला होता.

बसस्थानकाच्या माडीवर ध्वनिमुद्रणाची एक खोली होती, भिंतींना गोणपाट मारलेली. मध्ये काच. काचेच्या अलीकडे तो आणि त्याची दोन टेप मशीन, पलीकडे माईक आणि ती. खाली कामगार तिला माईकबाई म्हणत. गावांची नावं, आकडे, ‘येत आहे’, ‘सुटण्याच्या तयारीत आहे’, सगळं तिने एकदा सुटं सुटं वाचायचं आणि मग त्याने ते कापून, जोडून त्यातून सूचना करायच्या, म्हणजे माणसाला दिवसभर ओरडत बसायला नको, अशी साहेबांची कल्पना होती. वाचताना ती सरळ बसायची, खांदे न हलवता. दोन वाचनांच्या मधे मात्र तिचं तोंड बंद नसायचं. “अहो टेपवाले, झालं का? घसा नाही, विहीर आटली माझी.” “तुम्ही काचेमागे कसे दिसता सांगू? हौदातल्या माशासारखे. नुसते ओठ हलतात.” हे मधलं सगळं कापून टाकायचा हुकूम होता. त्याने कापलं, पण टाकलं नाही. उरलेल्या फितींचे तुकडे एकाला एक जोडून त्याने एक वेगळं भेंडोळं केलं आणि ते कपाटात स्वतःच्या स्वेटरखाली ठेवलं. तिच्याशी लग्न झाल्यावर स्वेटर घरी आला, भेंडोळंही आलं. पुढे टेप गेल्या, ती खोली गेली, स्थानकावर कुठल्याशा तरुण मुलीचा गोड, पातळ आवाज आला आणि जुन्या फिती भंगारात गेल्या. जाण्यापूर्वी त्याने सगळं या खोक्यात उतरवून घेतलं होतं. भेंडोळं उतरवून झालं तेव्हा फीत इतकी ठिसूळ झाली होती की बोटांत चुरा व्हायचा. त्याने ती केराच्या टोपलीत टाकली होती आणि मनात म्हटलं होतं, आता काळजी नाही.

झटका आला त्या दिवशी ती कपडे वाळत घालत होती. उजवा हात गेला, पाय थोडा गेला, आणि वाचा गेली. पाय बराचसा परत आला. वाचा आली नाही. कळत सगळं होतं. कोण आलं, कोण खोटं बोललं, दूध उतू जायला लागलं, सगळं. फक्त बोलायला गेली की तोंडातून वाऱ्यासारखं काहीतरी निघायचं, त्याला ना आकार ना टोक, आणि मग ती तोंड मिटून घ्यायची. आठवड्यातून दोनदा तिला बोलायला शिकवणारी एक मुलगी यायची, चित्रांचे पत्ते घेऊन. ती एकदा जाता जाता दारात म्हणाली, “काका, काकूंच्या जुन्या आवाजातले आकडे आहेत म्हणालात ना? पुढच्या वेळी आपण ते लावून बघू. आपलाच आवाज ऐकून कुणाकुणाला ओढ लागते. खात्री नाही हं, उगाच आस लावून बसू नका.” त्या मुलीने नको म्हटलेली तेवढी एकच गोष्ट त्याने मनापासून केली. त्याच संध्याकाळी त्याने दार उघडं ठेवून आकडे लावले. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिने नळ सोडला. बराच वेळ पाणी वाहत राहिलं. हिच्या मनाला लागलं, म्हणजे आत काहीतरी हललं, असं त्याने धरून चाललं. बुडत्याला काडी मिळाली की तो काडीचं लाकूड कुठलं ते विचारत नाही.

आणि आता काडीलाच कीड लागली होती.

कॉम्प्युटरच्या दुकानदाराने सगळं ऐकून घेतलं आणि डोळे मिटून मान हलवली. “डिस्क चालली, काका. आज जाईल, वर्षाने जाईल. माणसासारखंच आहे. दुसरी घ्या, आत बसवा, सगळं तिच्यात उतरवा. खोकं इकडे आणा, मी करून देतो.” खोकं इथे आणायचं म्हणजे याच्यासमोर ती हसणार. हौदातला मासा म्हणणार. एकदा तर माईक बंद आहे असं समजून तिने साहेबांच्या चालण्याची नक्कल केली होती आणि मग अगदी खालच्या आवाजात त्याला, फक्त त्याला, काहीतरी विचारलं होतं. ते या काउंटरवर, चार्जर आणि पंखे यांच्या मधे वाजणार. “मी बसवतो,” तो म्हणाला. “माझी मशीन उघडण्यात हयात गेली. तुम्ही डिस्क द्या. पण हीच द्या. या पावतीवरची. हीच कंपनी, हेच माप.” दुकानदार म्हणाला, “अहो, ही जुनी झाली. हल्ली याच्या चौपट मोठी येते.” “नको. जोडी सारखी लागते.” “काका, डिस्क घेताय का बैल?” दुकानदार स्वतःच हसला, पण मागच्या फळीवरून धूळ बसलेलं एक खोकं त्याने काढून दिलं. टेपच्या खोलीत त्याच्या गुरूने, ज्याला सगळे हेडसाहेब म्हणत, पहिल्या दिवशी दोन गोष्टी शिकवल्या होत्या. एक, नक्कल काढायची दोन मशीन एकाच जातीची हवी, नाहीतर आवाज जाडा किंवा बारीक होतो. दुसरी, मशीन एकावर एक ठेवायची. वरची वाजते, खालची भरते. कधी उलटं करायचं नाही, घाईत हाताला चुकायला जागाच ठेवायची नाही. दुकानदाराने एक पेन ड्राइव्हही दिला. “यावरून यंत्र चालू करा. कुठून कुठे, एवढंच विचारतो. तेवढा नंबर जुळवून बघा, डिस्कच्या पाठीवर चिकटवलेला असतो.” त्याने मान डोलावली. हो म्हणायची घाई होती, कारण तिकडे घरी आतली नखं वाजतच होती, यंत्र बंद करून आलो का चालू ठेवून आलो हे त्याला आठवत नव्हतं.

दार उघडतानाच फोन वाजला. लेक. तिला सगळं आधीच कळलं होतं, कारण सकाळी घाबरून त्यानेच तिला फोन केला होता. “बाबा, तुम्ही उघडू नका ना ते. पुढच्या महिन्यात मी येतेय.”

“तोवर टिकेल का?”

“आणि गेलं तर गेलं, बाबा. आई आहे ना.”

“आई आहेच.”

“कशी आहे? द्या तिला फोन. ऐकू दे तरी माझं.”

“झोपली आहे,” तो म्हणाला. ती झोपली नव्हती. ती त्याच्यासमोर, दोन खोल्यांमधल्या दारात खुर्ची टाकून बसली होती, डावा हात मांडीवर, उजवा हात डाव्यात. तिने त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही. गाडी चुकलेला माणूस घड्याळाकडे पाहतो तसं. तो फोन ठेवून म्हणाला, “संध्याकाळी करू आपण तिला. आधी हे होऊ दे. तुझ्यासाठीच करतोय सगळं.” तिने मान दुसरीकडे वळवली.

दुपारचं ऊन टेबलावर होतं. त्याने वायरी काढल्या, खोकं आडवं केलं, बाजूचे स्क्रू काढून बशीत ठेवले, आणि पत्रा सरकवला. आत करड्या धुळीचे कापसासारखे पुंजके. त्याने ते ओल्या फडक्याने नाही, ब्रशने काढले, अंगावर घेतलेल्या लहान मुलाचं नाक पुसावं तसे. जुनी डिस्क वरच्या कप्प्यात होती. तिच्या खालचा कप्पा रिकामा. म्हणजे कप्पेसुद्धा हेडसाहेबांनी सांगितल्यासारखेच होते, वर वाजणारी, खाली भरणारी, आणि हे पाहून त्याला बरं वाटलं. नवी डिस्क त्याने खालच्या कप्प्यात सरकवली, चार स्क्रू आवळले. जुनीच्या मागून बोर्डापर्यंत जाणारी चपटी लाल केबल त्याने हलवून पाहिली. तिचं टोक सैल होतं, वरची खिट्टी तुटलेली. कोण जाणे, टक् टक् यानेच होत असेल. बिचारीचा दोष नसेलच. मग त्याने ती केबल जुनीतून काढली आणि खालच्या नव्या डिस्कला लावली. नवी तरणीताठी आहे, सैल केबल सोसेल. आणि जुनीला दिली नवीकोरी केबल, घट्ट खिट्टीची, बोर्डावरच्या पुढच्या रिकाम्या खाचेत खोचून. आजाऱ्याला नवं अंथरूण घालावं तसं. ते करताना त्याच्या मनात एक मऊ, जवळजवळ लाडिक भावना आली, जी गेले कित्येक महिने दारातल्या खुर्चीकडे पाहताना आली नव्हती. तिला भरवताना, वेणी घालताना, उजव्या हाताची बोटं एकेक करून उघडताना तो सगळं नीट करायचा. नर्ससुद्धा म्हणाली होती, काका फार नीट करतात. नीट करायचा, पण त्या वेळी त्याचे कान बंद असायचे. तिच्या तोंडून तो वारा निघाला की त्याच्या मानेमागे काटा यायचा आणि तो भराभर काहीतरी बोलायला लागायचा, भाजीचं, हवेचं, शेजाऱ्यांच्या मांजराचं. कशाचंही, पण ते ऐकू येऊ नये म्हणून.

यंत्र चालू झालं. आतून टक् आलं, मग पुन्हा टक्. केबलचा दोष नव्हता तर. पडद्यावर दोन ओळी उमटल्या. एकावर एक. तीच कंपनी, तेच माप, दोन्ही ओळी अक्षरन् अक्षर सारख्या, शेवटी फक्त आकड्यांची एक शेपटी निराळी. नंबर डिस्कच्या पाठीवर असतो. दोन्ही डिस्क पाठीवर झोपलेल्या. बघायचं तर यंत्र बंद करून स्क्रू काढून त्या बाहेर ओढायला हव्यात, आणि पुन्हा चालू करताना ही उठलीच नाही तर? हेडसाहेबांचं एक मशीन असंच बंद केलं ते पुन्हा फिरलं नव्हतं. टक्. टक् टक्. श्वास मोजत बसलेल्या माणसासारखा तो ऐकत राहिला. वेळ घालवण्याइतका वेळ नव्हता. वरची वाजते, खालची भरते. त्याने वरच्या ओळीला ‘कुठून’ केलं आणि खालच्या ओळीला ‘कुठे’. पडद्याने विचारलं, रिकाम्या जागेसकट सगळं जसंच्या तसं उतरवायचं का? हो, एक सुईसुद्धा मागे राहता कामा नये. खालच्या डिस्कवर काही असेल तर ते कायमचं पुसलं जाईल, नक्की? तो हसला. “पुसायला आहे काय तिच्यात,” असं मोठ्याने म्हणाला आणि बटण दाबलं.

एक निळी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकू लागली. इतकी संथ, इतकी सरळ, की पाहता पाहता त्याच्या पाठीतली कळ सैल झाली. वरच्या कप्प्यातून टक् आलं की तो म्हणायचा, वाचतेय, वाचतेय, दमाने घे. पट्टी कुठपर्यंत आली त्यावरून आता काय चाललं असेल याचा तो अंदाज बांधत होता. आकडे गेले असतील. गावं निघाली असतील एकामागून एक, आधी जवळची, मग घाटापलीकडची. आता भेंडोळ्याची पाळी. आता विहीर आटली. आता मासा. आता साहेबांचं चालणं, आणि मग तो खालचा आवाज, “आज घरी कुणी वाट बघणारं आहे का तुमची?” असं तिने विचारलं होतं, काचेच्या पलीकडून, त्याच्याकडे न बघता, कागद सरळ करत. त्याने तेव्हा नुसते ओठ हलवले होते. हौदातला मासाच. उत्तर फितीवर आलंच नाही, त्याच्याकडे माईक नव्हता. पण प्रश्न होता. प्रश्न कधीही लावून ऐकता येत होता, आणि प्रत्येक वेळी तो मनात नवं उत्तर द्यायचा. गेल्या वर्षभरात तिच्याशी त्याचं जे काही खरं बोलणं झालं ते एवढंच, यंत्राशी.

पट्टी भरली. काम पूर्ण झाले, दोन्ही डिस्क आता सारख्या आहेत. त्याने पेन ड्राइव्ह काढला, यंत्र पुन्हा चालू केलं. काळा पडदा, एक पांढरी ओळ, चालू करण्याजोगं काही सापडलं नाही. पुन्हा केलं. तीच ओळ. जुनीची केबल काढून फक्त नवी ठेवली. तीच ओळ. नवी काढून फक्त जुनी ठेवली. तीच. मग त्याने दोन्ही केबली हातात धरल्या आणि त्यांची दुसरी टोकं बोर्डावर कुठे जातात ते पाहिलं. लाल केबल, खिट्टी तुटलेली, पहिल्या खाचेत. आणि तीच त्याने आपल्या हाताने नवीला लावली होती. तरी त्याने दुकानदाराला फोन केला. माणूस असाच असतो, प्रेत हलवून बघतो.

“वरच्या ओळीत कुठली होती, काका?”

“वरची. वर बसवलेली.”

“वर बसवलेली नव्हे हो. बोर्डावर पहिल्या खाचेत जी असेल ती वर दिसते. पहिल्या खाचेत कुठली होती?”

त्याने लाल केबलची तुटकी खिट्टी बोटाने चाचपली.

“नवी?” दुकानदाराचा आवाज उतरला. “म्हणजे रिकामीचं उतरवलंत भरलेलीवर.”

“परत येतं का?”

“नुसतं पुसलेलं येतं कधीकधी. पण वरून दुसरं भरलं ना, काका, मग नाही. तुम्हाला मी काय सांगायचं, तुम्ही टेपवाले.”

खरं होतं. गाण्यावर गाणं भरलं तर खालचं जातं. गाण्यावर शांतता भरली तरी जातं. वरच्या कप्प्यातली टक् टक् वाचण्याची नव्हती, गिळण्याची होती, आणि तो तिला दमाने घे म्हणत होता.

ती दारात उभी होती. केव्हा उठली कळलं नाही. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि तिला कळलं, सांगायची गरज नव्हती, पण त्याने सांगितलं. “गेलं. सगळं गेलं. आकडे गेले, गावं गेली. तू मला मासा म्हणायचीस ते गेलं. माझ्या हाताने गेलं.” ती भिंतीचा आधार घेत आत आली. पाहता पाहता तिच्या चेहऱ्यावर काहीतरी घडलं. कपाळावर वर्षभर ओढून धरलेलं कातडं सैल झालं, खांदे खाली आले, आणि तिने एक मोठा श्वास सोडला. रडायच्या आधीचा तो श्वास नव्हता. पाहुणा गेल्यावर दाराला कडी लावून माणूस सोडतो तसला होता. त्याचा आधी विश्वास बसेना. मग दिसलं. सोडलेला नळ दिसला, वळवलेली मान दिसली. तिच्याच घरात, भिंतीपलीकडे, तिचा नवरा रोज सकाळी चहा घेऊन एका बाईपाशी बसत होता. ती बाई तरुण होती, धडधाकट होती, एकोणनव्वद न चुकता म्हणत होती. सवत तरी कुणाची तरी लेक असते, तिला दोन शब्द सुनावता येतात. या यंत्रातल्या बाईला काय सुनावायचं होतं, आणि कशाने?

पण कळणं निराळं आणि दया येणं निराळं. त्याला राग आला. आंधळा, थरथरणारा. “तुला बरं वाटलं,” तो म्हणाला. “बरं वाटलं ना? तुझं काय, तुझं आधीच गेलेलं. माझ्याकडे तेवढंच होतं. ही जी आहे ना आता, हिचं मी काय करू? सांग मला, काय करू मी हिचं?” ‘ही’ म्हणताना त्याचं बोट तिच्याकडे होतं. शब्द बाहेर पडले आणि खोलीत राहिले. ते पुसायला कुठलंच यंत्र नव्हतं. बशीतला एक स्क्रू त्याच्या कोपराने उडून कुठेतरी घरंगळला.

ती गेली नाही. ती सावकाश त्याच्या खुर्चीपर्यंत आली, टेबलाला रेलली आणि तिने डाव्या हाताने त्याचा हात धरला. त्याला वाटलं ती आता मारेल, आणि मारलं असतं तर बरंच झालं असतं. तिने तो हात उचलला, त्याची काळवंडलेली, धुळीने माखलेली बोटं उघडली आणि आपल्या गळ्यावर ठेवली, गुंजेएवढ्या तिळाच्या जरा खाली. आणि तोंड मिटून घेण्याऐवजी तिने ते उघडलं. तोच वारा. त्याच्या मानेमागे काटा आला, जीभ भाजी, हवा, मांजर शोधू लागली, पण हात तिच्या मुठीत होता. बोटांखाली काहीतरी थरथरत होतं, जाड, अनियमित, मधेच तुटणारं, पुन्हा लागणारं. जन्मभर आवाजांत काढलेल्या त्याच्या कानांनी सवयीने त्याला त्या दुसऱ्या आवाजाशेजारी धरून पाहिलं, कुठे एखादा सूर जुळतो का, एखादं वळण. जुळेना. हा कुणा अनोळखी बाईचा आवाज होता. ती त्याच्या डोळ्यांत बघत होती आणि थांबत नव्हती, श्वास संपला की नवा घेऊन पुन्हा. काहीतरी विचारत होती हे उघड होतं. काय, ते त्याला कळत नव्हतं. फक्त एवढं कळत होतं की हात काढून घेतला तर ते उत्तर होईल. म्हणून त्याने हात तिथेच ठेवला.